नॉर्वेचे दालन आणि मक्तेदारीचा खंड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



एका करमणूक-उद्यानातील नौकासफर बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी सुरू झाली, हा विषय अभ्यासवर्गात घेण्याजोगा आहे काय, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. बेकारी, महागाई, शेतमालाचे भाव असे प्रश्न समोर उभे असताना अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातल्या एका खेळाची चर्चा कशासाठी करावयाची? परंतु भांडवलशाहीच्या व्यवहाराचे मर्म केवळ गिरणीच्या दारातच उकलते असे नाही. जेथे करमणुकीपलीकडे काही चालले आहे अशी कोणाला शंकाही येत नाही, तेथे ते पुष्कळदा अधिक स्पष्ट दिसते. नॉर्वे देशाच्या दालनाची हकीगत ही अशीच आहे. एका राष्ट्राची संस्कृती, एका कंपनीची मालमत्ता आणि ह्या दोहोंमधील व्यवहार ह्यांचा उलगडा तिच्यातून होतो. म्हणून ती थोडी तपशिलाने पाहावयास हवी.

फ्लॉरिडामध्ये डिस्ने कंपनीचे एपकॉट नावाचे उद्यान आहे. ते १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले. कंपनीचे संस्थापक वॉल्ट डिस्ने १९६६ साली निवर्तले. त्यांच्या मनातील एपकॉट हे उद्यान नव्हतेच. ते सुमारे वीस हजार वस्तीचे एक नमुनेदार नगर व्हावयाचे होते. त्या नगरात रहिवाशांनी भाड्याने राहावे, घरजमिनीची मालकी मात्र कंपनीकडे असावी, अशी योजना होती. नगर झाले नाही. मालकीची कल्पना तेवढी शिल्लक राहिली. १९६७ साली फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने ह्या संपूर्ण प्रदेशासाठी एक स्वतंत्र जिल्हा निर्माण केला आणि रस्ते, सांडपाणी, बांधकामाचे नियम अशा नगरपालिकेच्या अधिकारांपैकी बहुतेक अधिकार त्याला दिले. त्या जिल्ह्याचे नियामक मंडळ जमीनमालकांच्या मतांनी निवडले जाई आणि जवळजवळ सारी जमीन कंपनीचीच होती. २०२३ साली तेथील राज्यपालांशी झालेल्या राजकीय वादानंतर ह्या मंडळाची जागा राज्यपालनियुक्त मंडळाने घेतली. परंतु प्रस्तुत कथेतील घटना घडल्या त्या साऱ्या काळात, त्या भूमीवर काय बांधावे आणि काय पाडावे ह्याचा निर्णय प्रत्यक्षात एकाच मालकाच्या हाती होता.

एपकॉटच्या एका भागात तळ्याभोवती निरनिराळ्या देशांची दालने उभारलेली आहेत. आरंभी मेक्सिको, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा अशी नऊ दालने होती. १९८४ साली मोरोक्कोचे आणि १९८८ साली नॉर्वेचे दालन त्यांत आले. त्यानंतर आजपर्यंत एकाही देशाची भर पडलेली नाही. प्रत्येक देशाची वास्तुशिल्पे, खाद्यपदार्थ, हस्तकौशल्य आणि त्या त्या देशातून आलेले तरुण सेवक ह्यांच्या द्वारे प्रवाशाला घरबसल्या जगाची ओळख व्हावी, असा ह्या मांडणीमागील जाहीर हेतू होता.

दालन कोणाचे होते?

नॉर्वेचे दालन उभारण्यासाठी नॉर्वेतील काही कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी भांडवल घातले. जून १९८८ मध्ये नॉर्वेचे तत्कालीन युवराज हाराल्ड ह्यांच्या हस्ते दालनाचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. पुढच्याच महिन्यात तेथील नौकासफर सुरू झाली. तिचे नाव ‘मेलस्ट्रॉम’. नॉर्वेच्या उत्तरेस लोफोटेन बेटांजवळ समुद्रात जो प्रचंड भोवरा निर्माण होतो, त्याच्या ख्यातीवरून हे नाव आलेले होते. प्रवासी व्हायकिंग पद्धतीच्या नावेत बसत. वाटेत प्राचीन दर्यावर्दींचे गाव लागे. मग लोककथांतील तीन तोंडांचा राक्षस नावेला शाप देऊन मागे ढकलून देई. हिमप्रदेशातील अस्वले दिसत. आणि नाव एकदम उत्तर समुद्रातील वादळात, एका तेलविहिरीच्या मनोऱ्याशेजारी जाऊन पोहोचे. अखेरीस एका कोळीवाड्यात उतरल्यावर नॉर्वेविषयीचा पाच मिनिटांचा चित्रपट दाखवीत. पुष्कळ प्रवासी चित्रपटासाठी न थांबता सरळ पलीकडच्या दाराने निघून जात, असेही सांगितले जाते.

ह्या सफरीबद्दल भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही. ती संस्कृतीची निरपेक्ष सेवा नव्हती. नॉर्वेच्या व्यापाराची आणि पर्यटनाची ती जाहिरात होती. पाच मिनिटांच्या प्रवासात व्हायकिंग, राक्षस आणि तेलविहीर एकापुढे एक मांडली की इतिहास होत नाही. नॉर्वेतील श्रमिकांची चळवळ, तिने घडविलेली कल्याणकारी व्यवस्था, सहकारी संस्था ह्यांना त्या नावेच्या मार्गात स्थान नव्हते. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या सफरीचा विषय एक खराखुरा देश होता. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलाला पृथ्वीच्या नकाशावर बोट ठेवून दाखविता येईल असे काहीतरी तिने दाखविलेले असे.

१९९२ साली नॉर्वेतील गुंतवणूकदारांनी आपला हिस्सा डिस्ने कंपनीला विकला. त्यानंतर नॉर्वेचे सरकार दालनाच्या साहाय्यासाठी दरवर्षी दोन लक्ष डॉलर देऊ लागले. आधी पाच वर्षांचा करार झाला. १९९७ साली तो आणखी पाच वर्षांसाठी वाढविण्यात आला. २००२ साली, अमेरिकेतील आपल्याच वकिलातीची शिफारस बाजूस सारून, सरकारने ही रक्कम बंद केली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे वीस लक्ष डॉलर. त्या वेळच्या लोकसंख्येने भागले तर दरडोई वर्षाला पाच सेंटही पडत नाहीत. मालकी गेली होती; आता वर्गणीही थांबली. दालनाच्या दारावर नॉर्वेचे नाव मात्र होते तसेच राहिले.

चित्रपट आला

नोव्हेंबर २०१३ मध्ये डिस्ने कंपनीचा ‘फ्रोझन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन ह्यांच्या १८४४ सालच्या हिमराणीच्या कथेवरून त्याची प्रेरणा घेतलेली होती. कथा मात्र फार बदललेली होती आणि ती अॅरेन्डेल नावाच्या काल्पनिक राज्यात घडते. त्या राज्याला रूप देण्यासाठी चित्रकारांनी नॉर्वेचा प्रवास केला. तेथील खाड्या, लाकडी देवळे, कपड्यांवरील भरतकाम, लाकडावरील फुलांची रंगीत नक्षी हे सारे त्यांनी डोळ्यांत साठविले आणि पडद्यावर आणले. चित्रपटाने जगभरात सव्वाशे कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली. नंतरच्या सुमारे वर्षभरात त्यातील राजकन्यांच्या पोशाखांची विक्री एकट्या उत्तर अमेरिकेत तीस लाखांवर गेल्याचे वृत्त होते.

१२ सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने जाहीर केले की, नॉर्वेच्या दालनातील नौकासफरीच्या जागी आता ह्या चित्रपटावरील सफर येईल. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘मेलस्ट्रॉम’ बंद झाली. सव्वीस वर्षे चाललेली गोष्ट संपविण्यास जाहीर सूचनेनंतर एक महिनाही लागला नाही. २१ जून २०१६ रोजी ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ ही नवी सफर सुरू झाली. पाण्याचा मार्ग तोच राहिला, नाव मागे ढकलली जाण्याची कल्पनाही तीच राहिली. देश तेवढा बदलला. नॉर्वे गेला आणि अॅरेन्डेल आले.

हा प्रकार एकटादुकटा नव्हता. शेजारच्या मेक्सिकोच्या दालनात त्या देशाच्या प्राचीन संस्कृतीपासून आधुनिक बाजारपेठेपर्यंतचा प्रवास दाखविणारी नौकासफर १९८२ पासून चालत होती. २००७ साली तिच्यात डोनाल्ड डक आणि त्याच्या दोन पक्षी-मित्रांची कथा घालण्यात आली. त्या मित्रांपैकी एक ब्राझीलचा पोपट आहे. परंतु मेक्सिकोच्या दालनात त्याला स्थान मिळण्यास त्यामुळे अडचण आली नाही. फ्रान्सच्या दालनातही २०२१ साली पॅरिसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या उंदराच्या चित्रपटावरील खेळाची भर पडली. तेथे जुने काही पाडले गेले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे. परंतु दिशा एकच होती.

‘लोकांना हवे तेच दिले’

ह्या बदलाचे समर्थन करणारे एक साधे उत्तर देतात. जुन्या सफरीला लोक कंटाळले होते. नव्या सफरीसाठी तासन्‌तास रांगा लागतात. मुले आनंदित आहेत. मग तक्रार कशाची? ह्या उत्तराकडे तुच्छतेने पाहणे चूक ठरेल. लोकांच्या, विशेषतः मुलांच्या, आनंदाला नाक मुरडणारा समाजवाद कोणाच्याच कामाचा नाही. दोन बहिणींच्या प्रेमाची ती कथा मुलांना भावली, ह्यात काही कृत्रिम नाही. आणखी एक गोष्ट समर्थकांच्या बाजूने आहे. ह्या चित्रपटानंतर नॉर्वेला जाणाऱ्या अमेरिकन प्रवाशांचे कुतूहल वाढले आणि नॉर्वेच्या पर्यटनसंस्थेने स्वतः डिस्ने कंपनीबरोबर प्रचाराची मोहीम आखली. तेव्हा नॉर्वेला काहीच मिळाले नाही, असे म्हणता येणार नाही.

तरीही ‘लोकांना हवे तेच दिले’ हे स्पष्टीकरण अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. त्यासाठी एक कल्पना करून पाहावी. समजा, दोन्ही सफरी सारख्याच लोकप्रिय आहेत. दोहोंपुढे सारखीच रांग आहे, दोहोंना खर्च सारखाच येतो. अशा स्थितीत मालक कोणती निवडील? उत्तर स्पष्ट आहे. तो चित्रपटाचीच निवडील. कारण नॉर्वेच्या सफरीतून बाहेर पडलेल्या मुलाला राक्षसाची बाहुली हवी झाली तर ती कोणताही कारागीर करून विकू शकतो. लोककथेतील राक्षस कोणाच्या मालकीचा नाही. खाडी कोणाच्या मालकीची नाही. व्हायकिंगांच्या नावेवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. ह्या सफरीने उत्पन्न केलेली आवड उद्यानाच्या भिंतीबाहेर वाहून जाते. ती नॉर्वेच्या विमानकंपनीला, लोणावळ्यापासून लंडनपर्यंतच्या पुस्तकविक्रेत्याला, शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकाला, कोणालाही उपयोगी पडते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य लाभ म्हणतात तो हाच. समाजाच्या दृष्टीने हा लाभ मोलाचा आहे, परंतु मालकाच्या खतावणीत त्याची नोंद शून्य असते.

चित्रपटाचे तसे नाही. त्यातील राजकन्या, हिमपुतळा, गाणे, पोशाख, पेन्सिलीवरचे चित्र, प्रत्येक वस्तूवर कंपनीचा हक्क आहे. सफरीने उत्पन्न केलेली आवड बाहेर कोठेही गेली तरी तिची वाट शेवटी त्याच दुकानात येऊन मिळते. म्हणजे सफर हा आता स्वतंत्र माल राहिलेला नाही. ती दुसऱ्या मालाची मागणी पिकविणारी जमीन आहे आणि त्या जमिनीचा खंड एकाच जमीनदाराला मिळतो. रिकार्डोने जमिनीच्या खंडाचे जे विवेचन केले त्यात खंडाचा उगम श्रमात नसून टंचाईवरील मालकीत आहे, हे सूत्र होते. जमिनीची टंचाई निसर्गाने निर्माण केली होती. चित्रपटातील पात्रांची टंचाई कायद्याने निर्माण केलेली आहे. फरक एवढाच.

हा कायदा कसा घडला, हेही पाहावे. अमेरिकेत १९९८ साली स्वामित्वहक्काची मुदत वीस वर्षांनी वाढविण्यात आली आणि कंपन्यांच्या कृतींसाठी ती प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षांची झाली. त्या कायद्यासाठी ज्यांनी जोर लावला त्यांत डिस्ने कंपनी अग्रभागी होती. १९२८ सालचा मिकी माऊस त्यामुळे २०२४ उजाडेपर्यंत कंपनीच्या कुंपणात राहिला. त्याच हिशेबाने २०१३ सालचा ‘फ्रोझन’ २१०८ अखेरपर्यंत राहील. अँडरसनची कथा सर्वांची होती म्हणून ती कोणाची परवानगी न मागता घेता आली. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेली नक्षी सर्वांची होती म्हणून तीही घेता आली. ह्या सामायिक गायरानातून जे नेले त्याला कुंपण घातले गेले, आणि ते गायरानात परत यावयास जवळजवळ शतक लागणार आहे. नौकासफरीतील बदल हा ह्या कुंपणाचा एक खांब आहे. खरा प्रश्न लोकप्रियतेचा नव्हता, स्वामित्वाचा होता.

ह्याचे प्रत्यंतर पुढील वर्षांत मिळाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये हाँगकाँगच्या आणि जून २०२४ मध्ये तोक्योच्या उद्यानात हेच काल्पनिक राज्य नव्याने उभे राहिले. तेथे नॉर्वेचे दालन नाही, नॉर्वेचे नाव नाही आणि त्याची गरजही नाही. ज्या देशाच्या रूपावरून हे राज्य रेखाटले गेले, त्या देशावाचून ते आता कोठेही बांधता येते.

तेलाला एक न्याय, संस्कृतीला दुसरा

ह्या कथेतील सर्वांत विचार करावयास लावणारा भाग नॉर्वेच्या बाजूचा आहे. नैसर्गिक संपत्तीच्या खंडाचा प्रश्न ज्या देशाने आधुनिक जगात सर्वांत समंजसपणे सोडविला, त्यांत नॉर्वेची गणना पहिल्या ओळीत करावी लागेल. १९६३ साली त्या देशाने आपल्या सागरतळावरील सार्वभौमत्व जाहीर केले. १९६९ साली उत्तर समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला तो एका अमेरिकन कंपनीला. परंतु १९७२ साली सरकारने स्वतःची तेलकंपनी स्थापन केली. तेलाच्या नफ्यावर जबर कर बसविला. आजही त्याचा सीमान्त दर ७८ टक्के आहे. १९९० साली तेलाच्या उत्पन्नाचा सार्वजनिक निधी कायद्याने निर्माण झाला आणि १९९६ साली त्यात पहिली रक्कम पडली. २००२ अखेर त्या निधीत सहाशे अब्ज क्रोनरच्या आसपास रक्कम होती. परदेशी कंपन्या आल्या, त्यांनी नफाही मिळविला. परंतु समुद्राखालची संपत्ती जनतेची आहे आणि तिचा खंड जनतेला मिळाला पाहिजे, हे तत्त्व ढळू दिले नाही.

त्याच २००२ साली त्याच सरकारने दालनाचे दोन लक्ष डॉलर वाचविले. ‘मेलस्ट्रॉम’च्या नावेतून जी तेलविहीर दिसे, तिच्या उत्पन्नाचा हिशेब पैशापैशाने ठेवणाऱ्या देशाने ती नाव आणि तिच्याभोवतीचे आपले चित्र कोणाच्या ताब्यात राहील, ह्याचा हिशेब ठेवला नाही.

मग ती वर्गणी चालू ठेवावयास हवी होती काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मालकी ज्याची, निर्णय त्याचा. भाडे भरणाऱ्या कुळालाही कायद्याने काही संरक्षण असते. वर्गणी भरणाऱ्या पाहुण्याला तेवढेही नसते. वर्षाला दोन लक्ष डॉलर देऊन सरकारने फार तर निर्णय काही वर्षे लांबणीवर टाकला असता. जनतेच्या पैशाने खाजगी बाजारात आपल्या संस्कृतीसाठी जागा भाड्याने घेणे, हाच मुळात चुकीचा मार्ग होता. अशा जागेत संस्कृतीला जाहिरातीचे रूप घ्यावे लागते, आणि जाहिरातीचा नियम असा की अधिक किंमत देणारा आला की आधीची उतरवून नवी लावावयाची.

तसेच, लोककथा आणि नक्षी ह्यांवर आता राष्ट्राची मालकी कायद्याने बसवावी, हाही समाजवादी उपाय नव्हे. एकोणिसाव्या शतकात आस्ब्यर्नसेन आणि मू ह्या दोघा संग्राहकांनी नॉर्वेच्या लोककथा खेडोपाडी फिरून गोळा केल्या, त्या सर्वांच्या झाल्या. त्या तशाच राहिल्या पाहिजेत. कंपनीच्या कुंपणाला उत्तर म्हणून सरकारी कुंपण घातले तर गायरान दोन्ही बाजूंनी नाहीसे होईल.

सामी लोकांचा धडा

मग मार्ग कोणता? त्याचे उत्तर नॉर्वेच्या सरकारकडून नव्हे, तर त्या देशाच्या उत्तर भागातील एका लहान समाजाकडून मिळाले. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा वायव्य कोपरा ह्यांत पसरलेले सामी लोक हे तेथील मूळ रहिवासी. रेनडिअर पाळणे हा त्यांच्यातील अनेकांचा परंपरागत व्यवसाय. नॉर्वेच्या सरकारने दीर्घ काळ त्यांच्या मुलांना शाळेत स्वतःची भाषा बोलू दिली नाही. पहिल्या ‘फ्रोझन’मध्ये रेनडिअरसह वावरणारे पात्र होते, त्याचा पोशाख सामी लोकांच्या पोशाखाची आठवण करून देणारा होता, आणि आरंभीचे संगीत त्यांच्या योइक ह्या गायनप्रकारावर आधारलेले होते. ते संगीत रचणारे फ्रुदे फ्येल्हेईम स्वतः सामी वंशाचे आहेत. परंतु समाज म्हणून सामी लोकांना कोणी विचारले नव्हते, आणि त्याबद्दल टीका झाली.

२०१९ साली चित्रपटाचा दुसरा भाग येण्यापूर्वी मात्र नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड ह्या तिन्ही देशांतील सामी संसदा आणि सामी परिषद ह्यांनी डिस्ने कंपनीशी लेखी करार केला. सामी जाणकारांचा एक गट चित्रपटाच्या सल्लागारपदी बसला. चित्रपट उत्तर सामी भाषेत उपलब्ध झाला. आपल्याच आजीआजोबांना ज्या भाषेसाठी शाळेत अपमान सोसावा लागला, त्या भाषेत मुलांनी चित्रपटगृहात तो पाहिला.

हे कसे घडले? सामी लोकांजवळ पैसा नव्हता. त्यांचे दालन कोठेही नव्हते. त्यांच्याजवळ संघटना होती. आणि ती संघटना कंपनीच्या सौजन्यातून आली नव्हती. ती लढ्यातून आली होती. १९७० च्या दशकात आल्ता नदीवरील धरणाविरुद्ध त्यांनी चळवळ उभारली. १९७९ साली सामी तरुणांनी ऑस्लोमध्ये संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केले. १९८१ साली धरणस्थळी साखळदंडांनी स्वतःला बांधून घेणाऱ्या सत्याग्रहींना उचलण्यासाठी शेकडो पोलीस पाठवावे लागले. धरण झालेच. परंतु त्या पराभवातून १९८७ चा सामी कायदा, १९८८ ची घटनादुरुस्ती आणि १९८९ साली सामी संसद आली. ज्या १९८८ साली युवराज फ्लॉरिडात दालनाचे उद्घाटन करीत होते, त्याच वर्षी नॉर्वेच्या घटनेत सामी भाषा आणि संस्कृती ह्यांच्या रक्षणाचे कलम लिहिले जात होते. तीस वर्षांनी काय दिसते? पैसे देऊन घेतलेली जागा गेली. लढून मिळविलेली संस्था उपयोगी पडली.

ह्या कराराचेही अवास्तव कौतुक नको. चित्रपटावरील मालकी कंपनीचीच आहे आणि त्याचा खंडही तिचाच. परंतु कामगारसंघटनेचा पहिला करार कारखान्याची मालकी बदलीत नाही. मालकाला बोलणी करावयास लावतो. सांस्कृतिक क्षेत्रातील सामुदायिक वाटाघाटीचे असे हे एक आरंभीचे उदाहरण आहे, आणि कार्यकर्त्यांनी ते ह्याच दृष्टीने पाहावे.

दालनातील माणसे

संघटनेचा विषय निघाला म्हणजे दालनात काम करणाऱ्यांचा विचार टाळता येत नाही. प्रत्येक देशाच्या दालनात त्या देशातील तरुण-तरुणी ‘सांस्कृतिक प्रतिनिधी’ म्हणून काम करतात. १९९० च्या अमेरिकन कायद्याने अशा कामासाठी एक स्वतंत्र परवाना निर्माण केला. आपल्या देशाची संस्कृती इतरांना सांगणे, हा त्याचा कायदेशीर आधार आहे. आणि त्याची मुदत जास्तीत जास्त पंधरा महिने. स्थानिक कामगारांइतका पगार द्यावा, असेही त्यात बंधन आहे. परंतु पंधरा महिन्यांत परत जाणाऱ्या कामगाराला सेवाज्येष्ठता नाही, पदोन्नती नाही, दीर्घ लढ्यासाठी वेळ नाही. आपल्याकडील बदली आणि हंगामी कामगारांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यात आणखी विसंगती अशी की, ज्या संस्कृतीच्या नावाने ह्या तरुणांना परवाना मिळतो, त्या संस्कृतीची सफर त्यांच्याच दालनातून उठून गेली आहे.

भारतापुरते

एपकॉटमध्ये भारताचे दालन कधीच झाले नाही. परंतु त्याच कंपनीच्या शेजारच्या प्राणि-उद्यानात १९९९ पासून ‘आनंदपूर’ नावाचे एक राज्य आहे. भारत, नेपाळ, थायलंड, इंडोनेशिया ह्यांच्या वास्तू आणि वेषभूषा एकत्र करून ते रचलेले आहे. तेथे महाराजांचा पडका वाडा आणि वाघ आहेत. अशा राज्याला इतिहास नसतो, म्हणून त्याच्याविषयी कोणाला विचारावे लागत नाही. नॉर्वेच्या दालनाला जे रूप सव्वीस वर्षांनी आले, ते आनंदपूरला जन्मतःच लाभले. ह्यावर राष्ट्रीय अपमानाची ओरड करणारे पुढारी निघतील. आणि आपल्याच राज्यातील ग्रंथालयांची अनुदाने, जिल्हा वस्तुसंग्रहालयांची दुरवस्था, लोककलावंतांचे मानधन ह्यांविषयी तेच गप्प बसतील. त्या ओरडीत सामील होण्याचे कारण नाही.

कारण संस्कृतीचे रक्षण परक्याच्या उद्यानात होत नसते. नॉर्वेच्या दालनात एका लाकडी देवळाची प्रतिकृती आहे. तिचा नमुना गोल ह्या गावचे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे देऊळ. एकोणिसाव्या शतकात ते पाडण्याचे ठरले तेव्हा ते उचलून ऑस्लोजवळ बिग्डॉय येथे नेऊन पुन्हा उभारण्यात आले. आज ते तेथील लोकसंस्कृतीच्या संग्रहालयाच्या आवारात आहे. फ्लॉरिडातील प्रतिकृतीत कोणते प्रदर्शन मांडावे, हे कंपनी ठरविते. बिग्डॉयच्या देवळाच्या जागी उद्या चित्रपटातील महाल उभा करावा, असे कोणी ठरवू शकत नाही. कारण ते कोणाच्या नफ्यासाठी तेथे उभे नाही. शाळेतील मुले तेथे जातात, लाकडावरील नक्षीवर हात फिरवितात आणि परत येतात. त्यांनी घरी जाऊन राजकन्यांचा चित्रपट पाहिला तरी काही बिघडत नाही.

अशी ठिकाणे किती आहेत, ती कोणाच्या पैशाने चालतात आणि त्यांचा कारभार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यात विचारावयास हवा. तो अर्थसंकल्पाचा प्रश्न आहे, ग्रामपंचायतीचा आहे, शाळेचा आहे. फ्लॉरिडातील नावेत कोण बसले आणि कोण उतरले, ह्याची खंत करण्यापेक्षा त्या प्रश्नाचे उत्तर मिळविणे अधिक कष्टाचे आहे आणि अधिक उपयोगाचेही.